तुरुंगातल्या कामाची मजुरी: हिशेब कसा ठेवावा आणि कमी पडली तर कशी मागावी

तुरुंगातली मजुरी बुडते ती हजेरीच्या वहीत. एखादा दिवस लिहिला जात नाही, कामाचा वर्ग चुकीचा लागतो, सरकारने वाढवलेला दर कारखाना विभागापर्यंत महिनोन्महिने पोहोचत नाही. सुटकेच्या दिवशी हातात रक्कम पडते तेव्हा ती बरोबर आहे का हे सांगायला ना बंद्याकडे काही लिहिलेले असते, ना घरच्यांकडे. म्हणून हक्क कोणता, याइतकेच तो कागदावर कसा टिकवायचा हेही महत्त्वाचे. पुढची माहिती बंद्यांसाठी आहे, त्यांच्या घरच्यांसाठी आहे आणि तुरुंगात जाणाऱ्या विधी स्वयंसेवकांसाठीही.

आधी कैद कोणती ते पाहा

शिक्षेच्या आदेशात ‘सक्तमजुरी’ लिहिले आहे की ‘साधी कैद’, हे स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर जाऊ नका, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते.

सक्तमजुरी असेल तर काम करावेच लागते, तिथे संमती विचारली जात नाही. जन्मठेपही सक्तमजुरीचीच धरतात. पण काम सक्तीचे आहे म्हणून ते फुकट नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरात राज्य विरुद्ध गुजरात उच्च न्यायालय या प्रकरणात सांगितले की सक्तमजुरीच्या बंद्याकडून काम घेणे कायदेशीर आहे, मात्र केलेल्या कामाची न्याय्य मजुरी देणे अत्यावश्यक आहे. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारी बंद केली. तुरुंगाच्या भिंतीआड तो अनुच्छेद संपत नाही.

साधी कैद असेल तर काम मागून मिळते, आणि इच्छा असेल तोवरच करायचे असते. १८९४ च्या तुरुंग अधिनियमाच्या कलम ३६ नुसार अशा बंद्याने कामात हयगय केली तरी आहाराची श्रेणी बदलण्यापलीकडे त्याला शिक्षा करता येत नाही.

न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्याला सगळे कच्चा कैदी म्हणतात, त्याला कामाला जुंपता येत नाही. त्याने स्वतः मागितले तर काम देता येते आणि त्याची मजुरी द्यावी लागते. इथेच सर्वात जास्त फसगत होते. आपली झोपायची जागा झाडणे ही एक गोष्ट झाली. रोज पहाटे स्वयंपाकघरात राबणे, कार्यालयात ‘रायटर’ म्हणून लिखापढी करणे किंवा दवाखान्यात रुग्णांची उठबस करणे हे काम आहे. अशा कामावर कच्च्या कैद्याला तोंडी सांगून पाठवतात. अर्ज नसतो, म्हणून मजुरीच्या नोंदवहीत नावही नसते. तेव्हा काम करायचे असेल तर पहिल्याच दिवशी अधीक्षकांच्या नावे दोन ओळींचा अर्ज द्या: ‘मी स्वेच्छेने अमुक विभागात काम करू इच्छितो, माझे नाव मजुरीच्या नोंदवहीत घ्यावे.’ करायचे नसेल तर तेही लेखी द्या.

दर कुठून कळतो

बंद्यांची मजुरी राज्य सरकार ठरवते. वर सांगितलेल्या निकालात न्यायालयाने प्रत्येक राज्याला मजुरी निश्चितीसाठी मंडळ नेमायला सांगितले होते. त्यामुळे दर राज्याराज्यांत वेगळा असतो आणि सहसा तीन वर्गांत येतो: कुशल, अर्धकुशल, अकुशल. महाराष्ट्रात खुल्या वसाहतीतल्या, म्हणजे कमी पहाऱ्याच्या खुल्या तुरुंगातल्या बंद्यांसाठी स्वतंत्र दर असतो.

चालू दर हवा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या भागात गृह विभाग निवडून ‘बंदी’, ‘वेतन’, ‘मजुरी’ असे शब्द टाकून शोधा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगांविषयीच्या वार्षिक अहवालात राज्यनिहाय दरांचा तक्ता असतो. तो अहवाल उशिरा निघतो, म्हणून इतर राज्यांशी तुलना करायला तो वापरा. आपल्या हिशेबासाठी शासन निर्णयच धरा. निर्णयाचा क्रमांक, तारीख आणि ‘अमुक तारखेपासून लागू’ ही ओळ वहीत उतरवून घ्या. ती ओळ पुढे फार कामाला येते. वाढीव दर लागू होण्याची तारीख आणि प्रत्यक्षात बंद्याच्या तुरुंगातल्या खात्यावर वाढ दिसू लागल्याची तारीख यांत अंतर असेल, तर मधला सगळा फरक थकबाकी म्हणून मागता येतो.

रोजची नोंद

तुरुंगाची हजेरी तुरुंगाकडे राहते. आपली वेगळी ठेवायची. एक साधी वही पुरते. रोज पाच गोष्टी लिहा:

तारीख, विभाग (शिवणकाम, विणकाम, सुतारकाम, बेकरी, शेती, स्वयंपाकघर जे असेल ते), काम सुरू झाल्याची आणि सुटल्याची वेळ, त्या दिवशी दिलेले काम आणि झालेले काम, काम झाले नसेल तर कारण.

शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि तिथेच पैसे जातात. अनेक विभागांत दिवसाचे काम मापून ठरवलेले असते: इतके शर्ट, इतके मीटर कापड. सूत आले नाही, वीज गेली, यंत्र बिघडले म्हणून माप पूर्ण झाले नाही आणि वहीत फक्त ‘कमी काम’ एवढेच लागले, तर सहा महिन्यांनी ते बंद्याच्या आळसात जमा होते. ‘११ ते २ वीज नव्हती’ एवढे चार शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. न्यायालयाची तारीख, रुग्णालय, मुलाखत (घरच्यांची किंवा वकिलाची भेट) यांसाठी कामावरून बोलावले असेल तर तेही लिहा.

वही हरवते, झडतीत जाते, बदली झाली की मागे राहते. म्हणून महिन्याच्या अखेरीस एकूण आकडे पत्राने घरी कळवा: ‘या महिन्यात २४ दिवस काम, शिवण विभाग.’ पत्रावर तारीख आणि पाकिटावर टपालाचा शिक्का असतो. घरच्यांनी ती पत्रे पाकिटासकट जपून ठेवावीत. मुलाखतीच्या दिवशी तोंडी आकडा मिळाला, तर बाहेर आल्याबरोबर तारखेसह लिहून ठेवावा.

महिन्याचा हिशेब

उदाहरणादाखल अकुशल दर ४५ रुपये आणि अर्धकुशल ६० रुपये धरू. हे आकडे फक्त गणित समजावे म्हणून घेतले आहेत, तुमच्या राज्याचा दर घालून बघा. एका बंद्याने महिन्यात २४ दिवस काम केले. पहिले ८ दिवस तो झाडलोटीवर होता, नंतर शिवणयंत्रावर गेला.

८ × ४५ = ३६०
१६ × ६० = ९६०
एकूण १,३२० रुपये.

कार्यालयात वर्ग बदलाची नोंदच झाली नाही तर खात्यावर २४ × ४५ म्हणजे १,०८० येतील. या महिन्यात २४० रुपये गेले. पुढे प्रत्येक पूर्ण महिन्यात २४ × १५ म्हणजे ३६० रुपये जात राहतील, वर्षाला ४,३२०. तुरुंगातल्या माणसाच्या हिशेबात ही रक्कम मुलीच्या शाळेची असते.

वर्ग चुकीचा लागणे ही सर्वात मोठी आणि सर्वात कमी पकडली जाणारी चूक आहे. बंदी नवा असताना अकुशल म्हणून येतो, काम शिकतो, दुसऱ्याला शिकवू लागतो, आणि नोंदवहीत मात्र अकुशलच राहतो. काम शिकून झाले की विभागातल्या निदेशकाला, म्हणजे काम शिकवणाऱ्याला, वर्ग बदलण्याची शिफारस करायला सांगा आणि अधीक्षकांकडे अर्ज द्या. बाहेरून आयटीआयचे प्रमाणपत्र, वाहन परवाना, टंकलेखनाचा दाखला असे काही असेल तर घरच्यांकडून त्याची प्रत मागवून अर्जाला जोडा.

कपाती

खात्यावरची रक्कम हिशेबापेक्षा कमी असेल तर आधी कपात बघा. मजुरीतून काही भाग गुन्ह्याच्या पीडितांना भरपाई देण्यासाठी बाजूला काढता येतो. तसा कायदा राज्यांनी करावा असे १९९८ च्याच निकालात म्हटले आहे. याचा अर्थ असा, की कपातीला कायद्याचा किंवा नियमाचा आधार लागतो. ‘भरपाई निधी’ एवढे तोंडी उत्तर पुरेसे नाही. नियम क्रमांक, टक्केवारी आणि आजवर कापलेली एकूण रक्कम लेखी मागा.

खाण्यापिण्याचा आणि कपड्यांचा खर्च मजुरी ठरवतानाच हिशेबात धरण्याची मुभा न्यायालयाने दिली आहे. पण सरकारने तो खर्च आधीच वजा करून दर ठरवला असेल, तर त्याच दरातून पुन्हा ‘भोजन खर्च’ कापणे म्हणजे दुहेरी कपात. दर ठरवणाऱ्या शासन निर्णयाची प्रस्तावना वाचा. हा खर्च आधीच वजा केला आहे का, याचा उल्लेख असला तर तो तिथेच सापडेल.

तिसरी कपात कर्जाची. महाराष्ट्रात २०२२ पासून येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजनेखाली राज्य सहकारी बँकेने बंद्यांना ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज देणे सुरू केले आणि त्याचे हप्ते मजुरीतून जातात. घरच्या अडीनडीला ही चांगली सोय आहे. कर्ज घेताना हप्ता किती, किती महिने आणि कँटीनसाठी हातात काय उरणार, हे सहीच्या आधी कागदावर मांडून बघा.

कँटीनची खरेदी आणि घरून आलेली मनीऑर्डर यांची सरमिसळ होऊ देऊ नका. खात्याचा उतारा पाहताना ‘मजुरी जमा’ आणि ‘घरून जमा’ या ओळी वेगळ्या करून बेरीज करा. खात्यात पैसे दिसले म्हणजे मजुरी आली, असा समज फार जणांचा होतो.

तास, वजन, आजारपण

१८९४ च्या अधिनियमाचे कलम ३५ तोंडपाठ करावे असे आहे. सक्तमजुरीचा बंदी असो की स्वेच्छेने काम करणारा फौजदारी बंदी, दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. आणीबाणीत घ्यायचे झाल्यास अधीक्षकांची लेखी मंजुरी लागते. वैद्यकीय अधिकाऱ्याने काम करणाऱ्या बंद्यांना वेळोवेळी तपासायचे असते आणि निदान पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येकाचे वजन त्याच्या इतिहास तिकिटावर (तुरुंगाने ठेवलेल्या बंद्याच्या नोंदपत्रावर) नोंदवायचे असते. विशिष्ट कामाने प्रकृती बिघडते आहे असे त्यांचे मत झाले, तर ते काम बंद करून योग्य ते दुसरे द्यावे लागते.

नऊ तासांचा नियम सर्वात जास्त मोडतो तो स्वयंपाकघरात. तिथे पहाटे चुली पेटतात आणि रात्रीची भांडी होईपर्यंत तीच माणसे राबतात. मधली विश्रांती किती, हे वहीत वेळेसह असेल तरच तक्रार उभी राहते.

वजनाची नोंद कोरडी वाटते, पण सलग चार पंधरवड्यांत वजन उतरत गेले असेल तर ‘मला जड काम झेपत नाही’ या म्हणण्याला तो सरकारी पुरावा आहे. दम्याच्या माणसाला कापसाच्या धुळीत बसवले असेल, कंबरेच्या दुखण्याच्या माणसाला पोती उचलायला लावली असतील, तर अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावे करा आणि त्यात इतिहास तिकिटावरच्या वजनांचा उल्लेख करा.

काही राज्यांनी १८९४ च्या अधिनियमाऐवजी स्वतःचे नवे कायदे आणले आहेत. अर्जात कलमाचा आकडा घालण्यापूर्वी आपल्याकडे आता कोणता कायदा लागू आहे, हे विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून पक्के करून घ्या.

कामावर इजा झाली तर त्याच दिवशी दवाखान्याच्या नोंदीत ‘कसे झाले’ ते लिहून घ्या. ‘बोट कापले’ ही नोंद अपुरी आहे. ‘सुतारकामाच्या यंत्रावर काम करताना, यंत्राला संरक्षक जाळी नसल्याने बोट कापले’ ही पुरी. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतला १०१ वा नियम सांगतो की बाहेरच्या कामगाराला मिळणारे सुरक्षेचे उपाय बंद्यालाही मिळावेत आणि कामावरील इजेची भरपाई बाहेरच्या कामगाराहून कमी प्रतीची नसावी. हे नियम थेट कायदा नाहीत, पण याचिकेत त्यांचा आधार घेता येतो.

जी कामे नाकारता येतात

जातीवरून काम वाटणे बंद झाले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता विरुद्ध भारत संघ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जातीवर आधारित कामाची वाटणी करणाऱ्या तुरुंग नियमावल्यांतील तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले. एका समाजाच्या बंद्यांकडे झाडू आणि दुसऱ्याकडे चूल, ही पद्धत कुठल्याही बराकीत दिसली तर ती आज सरळ बेकायदेशीर आहे. मैला हाताने साफ करायला किंवा गटारात उतरायला लावणे हेही तसेच. २०१३ चा हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा तुरुंगातही लागू आहे.

अधिकाऱ्याच्या घरी भांडी, बागकाम, गाडी धुणे हे तुरुंगाचे काम नव्हे. मंडेला नियमांपैकी ९७ वा नियम कर्मचाऱ्यांच्या खासगी फायद्यासाठी बंद्याला राबवण्यास मनाई करतो. याची तक्रार आतून करणे अवघड असते, हे मान्य करायला हवे. ती घरच्यांनी किंवा वकिलाने जिल्हा न्यायाधीशांकडे करणे जास्त सुरक्षित.

एक इशारा, आणि तो मनापासून आहे. मजुरी कमी मिळते म्हणून सक्तमजुरीच्या बंद्याने काम बंद करू नये. जाणूनबुजून काम टाळणे हा तुरुंगातला अपराध आहे. त्यातून शिक्षेतली माफी जाऊ शकते, आणि माफीचा एक दिवस कुठल्याही मजुरीपेक्षा महाग. काम चालू ठेवून तक्रार करा.

तक्रार कोणत्या क्रमाने

पहिला अर्ज अधीक्षकांना. त्यात भावना कमी आणि आकडे जास्त असावेत. असा लिहा:

‘मी, बंदी क्रमांक ____, दि. ____ पासून शिवण विभागात काम करतो. दि. ____ ते दि. ____ या काळात मी एकूण ____ दिवस काम केले. शासन निर्णय क्र. ____, दि. ____ नुसार अर्धकुशल दराने माझी मजुरी ____ रुपये होते. माझ्या खात्यावर ____ रुपये जमा आहेत. फरक ____ रुपये. कृपया हजेरी नोंदवही, वर्गवारीचा आदेश व कपातीचा तपशील दाखवावा आणि फरक जमा करावा. या अर्जाची पोच मिळावी.’

दोन प्रती करा. एकीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. पोच मिळत नसेल तर हाच मजकूर घरच्यांनी स्पीड पोस्टाने अधीक्षकांना पाठवावा. टपालाची पावती हीच पोच.

पंधरा दिवस ते महिनाभर वाट पाहून उत्तर आले नाही, तर दोन वाटा एकाच वेळी धरा. एक, पुण्यातल्या कारागृह मुख्यालयाला किंवा विभागाच्या उपमहानिरीक्षकांना पहिल्या अर्जाच्या प्रतीसह पत्र. दुसरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. कोठडीतल्या व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळतो. मग ती कच्ची असो की शिक्षा झालेली, तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रात बसणाऱ्या स्वयंसेवकाकडे अर्ज दिला तरी चालतो. बाहेरून घरच्यांना १५१०० या क्रमांकावर विचारता येते. जिल्हा न्यायाधीश आणि अभ्यागत मंडळ (तुरुंगाची पाहणी करायला नेमलेले मंडळ) तुरुंगाला भेट देतात तेव्हा तोंडी गाऱ्हाणे मांडण्यापेक्षा अर्जाची तयार प्रत हातात द्या.

मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला शुल्क नाही, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत ती करावी लागते. दर महिन्याला कमी मजुरी मिळत असेल, तर अगदी अलीकडच्या महिन्यापासून हिशेब मांडा.

माहितीचा अधिकार

अधीक्षक गप्प बसले तर हेच हत्यार. अर्ज तुरुंगाच्या जन माहिती अधिकाऱ्याला, शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा हवा. लांबलचक अर्ज याच एका कारणाने परत येतात. एवढे मागा:

१. दि. ____ पासून आजपर्यंत लागू असलेले बंदी मजुरीचे सर्व शासन निर्णय.
२. बंदी क्रमांक ____ याची या काळातील कामाची हजेरी, वर्गवारी, महिनावार जमा मजुरी व कपात.
३. कपातीस आधार असलेल्या नियमाची प्रत.

दुसरा मुद्दा ‘खासगी माहिती’ म्हणून नाकारला जातो, विशेषतः अर्ज भावाच्या किंवा पत्नीच्या नावाने असेल तेव्हा. म्हणून हा अर्ज शक्यतो बंद्याने स्वतःच्या सहीने द्यावा. ते जमत नसेल तर त्याचे संमतिपत्र जोडा. पहिला आणि तिसरा मुद्दा कुणीही मागू शकतो. तीस दिवसांत उत्तर नाही आले, किंवा अपुरे आले, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे.

उच्च न्यायालयात जायचे असेल तर

दोन निरनिराळ्या तक्रारी एकाच याचिकेत मिसळू नका. ठरलेला दर मिळाला नाही, ही हिशेबाची तक्रार झाली. ती हजेरी, शासन निर्णय आणि खात्याचा उतारा या तीन कागदांवर सिद्ध होते. दरच अन्यायकारक आहे, ही वेगळी तक्रार. तिच्यासाठी त्याच कामाचे राज्यातले किमान वेतन, शेवटची दरवाढ कधी झाली ती तारीख आणि मजुरी निश्चिती मंडळाने काय शिफारस केली होती ते जोडावे लागते. किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम घेणे हे अनुच्छेद २३ मधले सक्तीचे श्रम ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एशियाड मजुरांच्या, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात म्हटले आहे. बंद्यांच्या बाबतीत मात्र १९९८ चा निकाल निर्वाहखर्चाची वजावट मान्य करतो. त्यामुळे ‘पूर्ण किमान वेतन द्या’ एवढीच मागणी करण्यापेक्षा ‘वजावट कशी काढली ते दाखवा आणि ती वाजवी ठेवा’ ही मागणी जास्त पक्की उभी राहते. याचिका संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली असते आणि उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडून वकील मिळतो.

सुटकेच्या आणि बदलीच्या दिवशी

दुसऱ्या तुरुंगात बदली झाली की शिल्लक मजुरी मागेच राहते, हे वारंवार घडते. निघण्यापूर्वी खात्याची शिल्लक लिहून घ्या. नव्या ठिकाणी पहिल्या आठवड्यात ती जमा झाली का ते विचारा, नसेल तर दोन्ही अधीक्षकांना एकच पत्र पाठवा. नव्या तुरुंगात जुना वर्ग आपोआप लागत नाही, तेव्हा वर्गवारीच्या आदेशाची प्रत सोबत न्या.

सुटकेची तारीख कळली की महिनाभर आधी अंतिम हिशेब मागा. शेवटच्या महिन्याची मजुरी पुष्कळदा सुटकेनंतर निघते. तिच्यासाठी बँक खात्याचा क्रमांक आणि घरचा पत्ता लेखी देऊन ठेवा. फाटकावर घाई असते, मन आधीच बाहेर गेलेले असते आणि समोरच्या कागदावर ‘सर्व रक्कम मिळाली’ असे छापलेले असते. सही करण्यापूर्वी रक्कम मोजा. वहीशी जुळत नसेल तर सहीच्या शेजारी ‘हिशेब मान्य नाही, फरक ____ रुपये’ असे स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करा आणि त्या कागदाची प्रत मागा.